टाकीत कुणी उतरू नका

हॅलो?… हॅलो, कोण?… निलम? अगं, हा कुठला नंबर?… तुझ्या घरवाल्याचा, सुनिलभाऊंचा का. बरं. आवाज ओळखलाच नाही मी… नाही नाही, झोपले नव्हते. अशीच बसलेय.

…हो, रानशेतलाच. अंगणवाडीला चार दिवस रजा टाकलीय… बरं आहे गं. तू बोल.

…पाइप? कुठला, संडासाचा?… चार इंची घे. तीन इंची नको, दुकानदार काही म्हणू दे. आणि उतार नीट दे त्याला, भांड्यापासून टाकीपर्यंत… मोरीचं पाणी? ते टाकीत सोडू नको. साबणाचं पाणी वेगळं काढ, केळीला जाऊ दे… हो. आपल्या गवंड्यानेच, भिकादादानेच सांगितलेलं मला.

…हो. बंदच लागणार त्याचा फोन.

…नाही, चार्जिंगचं नाही. निलम, ऐक ना…

…म्हणाला असेल गं, गुरुवारी येतो म्हणून… नाही, दुसरीकडे काम नाही धरलं त्याने… तसा नाही तो. तू त्याला काही बोलू नको… अगं ऐक. ऐक ना जरा… निलम! भिकादादा गेला.

…गावाला नाही. वारला तो.

…सोमवारी. सोमवारी सकाळी, आमच्या इथेच.

…नाही, पडला नाही. वरून नाही पडला. टाकीत. आमच्या संडासाच्या टाकीत उतरला, सेंट्रिंगच्या फळ्या काढायला. परत वर आलाच नाही.

…हॅलो? निलम?… आहेस ना?

…हो गं. कळवायचं होतं तुला. दोनदा नंबर लावला आणि कापला. काय सांगू तेच कळेना. तुझ्याकडे मीच पाठवला ना त्याला, चांगला गवंडी आहे म्हणून… पेपरात आल्या चार ओळी. मजुराचा मृत्यू. गवंडी पण नाही लिहिलं.

…काय?… काय म्हणालीस, परत बोल… कोण उतरतोय? संदीप? तुझा दीर संदीप?… भिकादादा आला नाही म्हणून?… आत्ता?

निलम, पळ.

…अगं माझ्याशी बोलू नको, पळ! त्याला सांग आत उतरू नको… झाकण काढलंय का?… मला काय विचारतेस, जा आणि बघ! फोन चालू ठेव. हातातच धर. कापू नको.

…

…निलम?… दिसतोय का?… पळतेयस, कळतंय मला, श्वास ऐकू येतोय… दिसला का तो?… निलम, काहीतरी बोल गं.

…कुठे? कडेला बसलाय?… पाय आत सोडून?… त्याला म्हण पाय वर घे… हसतोय? हसू दे. दंड धर त्याचा आणि ओढ मागे… चिडू दे! दीर आहे तर आहे, ओढ!

…काढले? दोन्ही पाय बाहेर?… लांब ने. ओट्यावर बसव… हं… हं… नाही, रडत नाही मी. जरा पाणी पिते, थांब.

…काय म्हणतात सुनिलभाऊ?… मग दे ना त्यांना. दे, मीच बोलते.

हॅलो, सुनिलभाऊ? योगिता बोलतेय, रानशेतहून… हो, निलमबरोबर ट्रेनिंगला होते ती… माहीत आहे हो, काम अडलंय. अडू दे… नाही, घाबरवत नाही तुम्हाला. दोन मिनिटं नुसतं ऐका, मग काय करायचं ते करा.

तुमची टाकी न् आमची टाकी, एकाच आठवड्यात केल्या ना भिकादादाने? नोटाबंदीत एक वर्ष वाया गेलं म्हणून यंदा मे महिन्यात घाईघाईने. स्लॅब टाकला, दोन फुटांचं भोक ठेवलं, त्यावर फरशी टाकून बंद केलं. मग पाऊस लागला, काम थांबलं. आता नोव्हेंबर. सगळा पावसाळा ती बंद आहे भाऊ. आत फळ्या, टेकू, सगळं लाकूड तसंच. पाणी झिरपलं, लाकूड कुजलं. आतली हवाच संपते त्याने. वास येईलच असं नाही. वरून बघितलं तर नुसती रिकामी खोली दिसते.

…नवीन आहे, हो. आमची पण नवीनच होती. एक दिवस वापरलेली नाही. भांडं सुद्धा बसवलं नव्हतं. आम्हाला पण हेच वाटलं, घाणच नाही तर गॅस कुठला.

…दारू?… कोण म्हणालं तुम्हाला?… नाही. भाऊ, नाही. लोकं काही पण बोलतात. सकाळी नऊला आला सायवनहून. मी चहा दिला, माझ्या हाताने. भाकरी खाल्ली. म्हणाला दुपारपर्यंत टाकी मोकळी करतो, मग भांडं बसवू. फरशी सरकवली, बॅटरी मारून बघितलं, म्हणाला गुडघाभर पाणी आहे. शिडी लावली न् उतरला. टेकूला दोन ठोके मारले ते ऐकले मी. मोरीत भांडी घासत होते. तिसरा ठोका आलाच नाही.

…ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, जरा…" बस. आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज.

…दोरी होती. होती भाऊ, चांगली नायलॉनची. सोडली आत. पण धरणार कोण? शुद्ध नसलेला माणूस दोरी धरतो का?… कमरेला बांधून? तरी नको. दोन फुटांच्या भोकातून बेशुद्ध माणूस ओढून निघत नाही, खांदे अडकतात. आमच्याकडे शेवटी स्लॅब फोडला. सगळा पाडा जमला होता, घणाने फोडला. पाऊण तास लागला.

…काढला तेव्हा काही नव्हतं. तरी नेलं सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले दोन-तीन मिनिटांत गेला असेल.

…मेणबत्ती? नको. अजिबात नको. आत पेट घेणारा गॅस असला तर भडका उडेल. आणि मेणबत्ती विझली नाही म्हणून हवा चांगली, असंही नसतं. मी नाही म्हणत, बंबवाले आले होते ते म्हणाले. त्यांच्याकडे हवा मापायचं मशीन असतं. आपल्याकडे आहे का?

…काय?… आधी उतरला होता? संदीप?… कधी, सकाळी?… किती आत?… छातीपर्यंत. मग?… डोकं गरगरलं म्हणून वर आला. आणि परत उतरणार होता! उपाशीपोटी असेल म्हणाला!… भाऊ, आता तुम्हीच बोला.

…हं.

…आता कसा आहे?… कामाला लावू नका त्याला आज. मोकळ्या हवेत बसू द्या. उलटी झाली, झापड आली, तर वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. आत्ताच नेलंत तर अजून बरं… हो, गाडी सांगून ठेवा.

…मग काय करायचं म्हणजे, स्लॅब फोडा… सगळा, हो. कडेने फोडत या, वर मधोमध कुणी उभं राहू नका, खालचे टेकू कुजलेत… जाऊ द्या ना वाया. टाकी पूर्ण उघडी पडू द्या, ऊन लागू द्या. फळ्या वरूनच आकड्याने ओढा. आल्या तर आल्या. नाहीतर राहू द्या तळाशी. पण टाकीत कुणी उतरू नका. कुणी पण.

…मग वर सिमेंटच्या तयार लाद्या टाका. मिळतात. ओळीने मांडायच्या आणि सांधे भरायचे. खालून सेंट्रिंग लागतच नाही, म्हणजे काढायला आत जायचा प्रश्नच नाही. झाकणं दोन ठेवा, दोन टोकांना. आणि हवेचा पाइप आधी लावा, मग बाकीचं… हो, आधी.

…नाहीतर टाकी नकोच. दोन शोषखड्डे घ्या, रिंगांचे. ग्रामसेवक सांगतात तेच. एक भरला की दुसऱ्यात वळवायचं. तुमच्याकडे मुरूम आहे, पाणी झिरपेल. बोअरपासून लांब घ्या म्हणजे झालं… हो, स्वस्त पण पडतात.

…मी?

…मी का नाही घेतले म्हणजे…

…मला टाकीच पाहिजे होती भाऊ. द्या, निलमला द्या फोन.

…हं, निलम. काय म्हणतात ते?… फोडतात ना? नक्की?… तू हलू नको तिथून. भोकाभोवती काटे टाका, पोरंबाळं जातील… संदीप काय करतोय?… पाणी पितोय. पिऊ दे. बघत राहा त्याच्याकडे.

…मला काय होतंय… हो, जेवले… नाही. नाही जेवले.

निलम, भिकादादा दोन खड्डेच म्हणत होता… हो. पहिल्या दिवसापासून. म्हणाला, ताई, चार माणसांचं घर तुमचं, दोन खड्डे पुष्कळ झाले, जन्मात कुणाला आत उतरायला लागणार नाही. मीच म्हणाले नको. डहाणूला आपल्या ट्रेनिंगच्या मॅडमकडे आहे तशी टाकी पाहिजे, खाली बांधलेली, वर लादी. लोकांना दाखवायला… काय सांगू तुला. संडासाची टाकी लोकांना दाखवायला.

…मग म्हणाला, टाकी तर टाकी, पण झाकणं दोन ठेवू. मी म्हणाले दुसरं झाकण अंगणाच्या मधोमध येतंय, सारवता येणार नाही. एकच ठेव. हवेचा पाइप पण नंतर लावू म्हणाले, आत्ता नुसता उभा दिसेल… हो, मी म्हणाले. त्याने ऐकलं. तो नेहमी ऐकायचा. घर तुमचं ताई, म्हणायचा.

…ते कुणाला माहीत. दोन असती तर वाचला असता, नाहीतर नसता. पण जरा तरी हवा खेळली असती ना आरपार.

…थांब, तू बोलू नको. अजून आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रविण घरी होता त्या दिवशी… हो, घोलवडला चिकूचं पॅकिंग दुपारनंतर होतं. माझा आवाज ऐकून धावत आला. शिडीवर पाय ठेवला त्याने. उतरत होता गं तो. एक पायरी, दुसरी पायरी. मी त्याला मागून धरला. शर्ट धरला, तो फाटला. मग केस धरले. म्हणाले तू नाही जायचं. तो ओरडत होता, सोड, सोड, त्याचा हात दिसतोय मला… नाही सोडलं.

…नाही गं, कसलं शहाणपण. हवेचं वगैरे काही ठाऊक नव्हतं मला तेव्हा. नुसती भीती वाटली. एक गेला, आता माझा नवरा पण जाईल. एवढंच.

…हो, डॉक्टर पण तेच म्हणाले. बरं केलंत बाई, नाहीतर दोन काढायला लागले असते. म्हणू दे. डॉक्टर नव्हते तिथे. प्रविणला हात दिसत होता.

…बोलत नाही माझ्याशी. कामाला जातो, येतो, पडवीत पडून राहतो… राग नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तुला कसं सांगू… मंगळवारी सायवनला मयताला गेलो. गंगीवहिनी, त्याची बायको. एरवी रोज यायची ती त्याच्याबरोबर, घमेली उचलायला. सोमवारी भात झोडायचा म्हणून घरी राहिली होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, कुणी उतरलं का नाही माझ्या माणसामागे?

…हो ना. आणि प्रविण म्हणाला, मी उतरलो होतो वहिनी. तळापर्यंत गेलो, हाताला लागला नाही, दम कोंडला म्हणून वर आलो.

…खोटं. सगळं खोटं… माझ्यासाठी बोलला. तिथे पन्नास माणसं होती, माझ्यावर आली असती. आणि गंगीवहिनीने त्याच्या पायाला हात लावला निलम. म्हणाली, माझ्या माणसासाठी तू मरणात उतरलास. तेव्हापासून तो बोललेला नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.

…मी? मी तिथेच उभी होते. पदर तोंडात धरून.

…घराचं काय करणार. भिंती उभ्या आहेत, पत्रे चढलेत. टाकी बुजवली. पोलिसांचा पंचनामा झाला, आणि काल मुरूम आणला ट्रॉलीभर. प्रविणने एकट्याने ओढला सगळा. मी फावडं घेतलं तर हातातून काढून घेतलं… नाही, संडास नाही. रानात जातो, आधी जायचो तसं. पुढचं पुढे.

…थांब हां. कुत्रा भुंकतोय… कुणीतरी येतंय बांधावरून. बाई आहे.

…निलम. गंगीवहिनी आहे.

…हो, तीच… एकटीच दिसतेय… कशाला आली मला काय माहीत. त्याची हत्यारं आहेत इथे, त्यासाठी असेल. थापी, ओळंबा, लेव्हलचा पाइप. धुऊन ठेवलीत मी… प्रविण नाही, कामाला गेलाय… नको, तू ठेवू नको. थांब जरा. बोलू नको, नुसती थांब.

…ये वहिनी. ये, आत ये… बस ना. खाली नको, खाटेवर बस… पाणी घे… मैत्रीण आहे फोनवर, तलासरीची. तिच्याकडे पण काम होतं ना भिकादादाचं… हो, तीच निलम. तिच्याशीच बोलतेय.

…आहेत. सगळी हत्यारं आहेत. ती बघ, पडवीत… कोण घेणार? तुझा भाऊ शिकेल गवंडीकाम? चांगलं आहे. चांगलंच आहे.

…काय ते?… प्रविणसाठी?… कोंबडी?

…नाही वहिनी. नको. घेता नाही येणार मला… कमीजास्तचं नाही गं. तुझ्या घरची एवढी एकच अंड्याची कोंबडी, मला ठाऊक आहे… तो उतरला म्हणून?… नाही, कोंबडीचे पाय नको बांधूस इथे. वहिनी, ऐक. माझ्याकडे बघ जरा.

प्रविण उतरला नव्हता.

…नाही. तळापर्यंत नाही. दोन पायऱ्या उतरला नुसता… त्याला जायचं होतं. मी धरला त्याला. मी सोडला नाही.

…हो. मी.

…हो, दिसत होता. हात दिसत होता.

…हो. तरी.

…

…वहिनी, काहीतरी बोल. मला शिव्या दे… प्रविणला नको, त्याने माझ्यासाठी केलं… आणि झाकण पण, एकच झाकण मीच… वहिनी? वहिनी, थांब ना.

…निलम, आहेस का?… ऐकलंस ना.

…उठली ती. कोंबडी काखेत घेतली आणि उठली. हत्यारांकडे बघितलं पण नाही… ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं नुसतं.

…नाही, गेली नाही. अंगणात थांबलीय. टाकी होती तिथे, मुरुमाजवळ… खाली बसली. मुरुमावरच बसली गं उन्हात. हात टेकलेत दोन्ही.

…कोण फोडतोय, हा आवाज तुझ्याकडचा ना?… घण. बरं. फोडू दे. संदीपकडे लक्ष ठेव.

…जाते मी तिच्याजवळ… मारू दे मारलं तर… नाही, उठवायला नाही गं. बसते जाऊन. ठेव तू.